चार भोकांचं पान

मित्रांनो, मी एक जुना स्टेपलर आहे आणि खरं सांगतो, अजून माझी स्प्रिंग थरथरते. तीन महिने होऊन गेले, पण माझ्या तोंडून एकच निघतं : असं कसं झालं? पत्र्याला कसलं आलंय मन, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण ज्यानं सगळा जन्म कागद चावण्यात घालवला, त्याला कुठला कागद आधी चावलेला आहे हे कळतं, एवढं तरी माना.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते सोलापूरच्या नवी पेठेतलं स्टेशनरीचं दुकान. तिथं मी काचेच्या कपाटात ऐटीत बसून असायचो. दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, "जड मशीन हाय. पन्नास पानं एका दणक्यात टोचतंय. घ्या, नातवंडं वापरतील." मला उचलून घेतलं ते सिद्रामप्पांनी. कोर्टाबाहेर लिंबाच्या झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणारे सिद्रामप्पा म्हणजे वल्ली माणूस. अर्ज टाइप करायचे, मग पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोट फिरवत मोठ्यानं वाचायचे, आणि त्यानंतरच माझ्या डोक्यावर थाप मारायचे. समोरचा घाईला आला की म्हणायचे, "थांब की जरा! वाचल्याबिगर पिन मारायची न्हाय. एकदा टोचलं की टोचलं." वीस वर्षं मी हेच ऐकलं. माझं शिक्षण म्हणाल तर एवढंच.

अप्पा गेले आणि मी त्यांच्या लेकीकडे आलो. विजयमाला तिचं नाव. पुण्यातल्या मोठ्या वकिली ऑफिसात आठ वर्षं काढून ती परत आली आणि जुळे सोलापूर या वस्तीत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये तिनं स्वतःचं ऑफिस थाटलं. कोर्टात जायचं काम नाही, काळा कोट खुंटीला. ती सल्ला द्यायची तो तंत्रज्ञानाच्या कंपन्यांना. टेबलावर दोन स्क्रीन, कानात बोळे, आणि सगळ्या नव्या सामानात जुना असा मी एकटाच. आल्यागेल्याला ती कौतुकानं सांगायची, "हे अप्पांचं मशीन." माझी छाती फुगायची, हो, लपवू कशाला?

पहिल्या महिन्यात मी चक्रावलोच होतो. या कंपन्यांना ना गोदाम, ना ट्रक, ना माल! मग यांच्याकडे आहे तरी काय? हळूहळू उमगलं. कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम, कुणाचे तरी फोटो, कुणाची तरी माहिती, हाच त्यांचा माल. तो कुणाचा, कुणी वापरायचा, कुठं वापरायचा नाही, हे सगळं ठरतं कागदावर. टॉवेलच्या कारखान्यात चोरी झाली तर टॉवेल कमी भरतात, कळतं तरी. इथं एक ओळ इकडची तिकडे झाली की सगळा माल दुसऱ्याच्या घरात, आणि आवाजसुद्धा होत नाही.

या वकिलांची एक रीत आहे, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे. करारातल्या शब्दांवरून ओढाताण चालू असते आणि सह्या करणारी माणसं चार गावांत पांगलेली असतात. म्हणून शेवटचं पान, ज्यावर फक्त नावं आणि सहीच्या रेघा असतात, ते आधीच सही करून घेतात. त्याला म्हणतात सहीचं पान. मजकूर पक्का झाला की ते त्याला जोडायचं. सगळे असंच करतात, एकमेकांच्या भरवशावर चालतं. मला मात्र ही रीत पहिल्यापासून खटकायची. धड एकाचं आणि पाय दुसऱ्याचे! पण स्टेपलरला विचारतो कोण?

तर हुरड्याचे दिवस होते. विजयमालाकडे भुवनेश्वरी आली. कॉम्प्युटर शिकलेली, चुणचुणीत, बोलायला लागली की थांबणं माहीत नाही. तिच्याबरोबर तिची आत्या गुरम्मा. साठीची बाई, कपाळावर विभूती, बोटांना सुईचे घट्टे. गुरम्मा कौद्या शिवते. कौदी म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी, अक्कलकोटकडे तसंच म्हणतात.

भुवनेश्वरीनं एक ॲप केलं होतं, त्याचं नाव 'आत्याबाई'. म्हाताऱ्या माणसांना ते औषधाच्या वेळा सांगायचं, गोळीचं पाकीट समोर धरलं की नाव वाचून दाखवायचं, मराठीत आणि कानडीत. आणि त्यातला आवाज होता गुरम्माचा. अकरा दिवस भुवनेश्वरीनं तिला खोलीत बसवून बोलायला लावलं होतं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गुरम्माच्याच कौद्या टांगल्या होत्या. त्या अकरा दिवसांवरून मशीन आता गुरम्माच्या आवाजात काहीही बोलू शकत होतं, तिनं कधी न बोललेलं वाक्यसुद्धा. गुरम्मा सगळ्या बाप्यांना 'तम्मा' म्हणते. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. म्हणून ॲपही म्हणायचं, "तम्मा, गोळी झाली का?" गावोगावचे म्हातारे ते ऐकून मुकाट्यानं गोळी घ्यायचे. लेकाचं ऐकणार नाहीत, पण आत्याबाईचं ऐकायचे.

एक मोठी कंपनी हे ॲप विकत घ्यायला निघाली होती. गुरम्माच्या आवाजासाठी तिच्याबरोबर वेगळा करार होता. करार इंग्रजीत, म्हणून विजयमालानं एकेक कलम मराठीत सांगितलं. चौदावं आलं तशी गुरम्मा पुढं सरकली.

"चौदा म्हणतंय, तुमचा आवाज फक्त औषधाची आठवण द्यायला. जाहिरातीला नाही, दुसऱ्या कुठल्याच कामाला नाही," विजयमाला म्हणाली.

"पक्कं का?"

"पक्कं. त्याच्यावरच तर पंधरा दिवस भांडले मी त्यांच्याशी."

"न्हाय, काय हाय बाई," गुरम्मा म्हणाली, "कौदी फाटली तर दुसरी शिवंन. तोंड एकच हाय. लोकं माझं ऐकत्यात ते मी कधी खोटं बोलले न्हाय म्हणून. कुणी माझ्या तोंडून खोटं बोललं, तर मी कुटं जाऊन सांगू, त्ये मी न्हवं म्हणून?"

विजयमालानं तिचा हात धरला. "माझ्यावर सोडा की."

गुरम्माला दुसऱ्या दिवशी लेकीच्या बाळंतपणाला कर्नाटकात इंडीला जायचं होतं, म्हणून तिनं सहीच्या पानावर कानडीत सही केली. सावकाश, जीभ दातात धरून. मग म्हणाली, "माझ्यासमोर टोच." विजयमाला हसली, पान मागं जोडलं आणि माझ्या डोक्यावर थाप दिली. खट्! अडतीस पानं, माझा एक नंबरचा टाका. गुरम्मानं कोपऱ्यावर अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाली, "बेस हाय." त्या दिवशी माझ्यासारखा सुखी स्टेपलर सोलापूर जिल्ह्यात नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या वकिलाची मेल आली. विजयमाला फोनवर भुवनेश्वरीला वाचून दाखवत होती, ते मी ऐकलं : शेवटचा मसुदा जोडला आहे, फक्त पानांचे क्रमांक आणि शुद्धलेखन सुधारलं आहे, पाच वाजायच्या आत सह्यांसकट पाठवा. घड्याळात साडेचार. एका स्क्रीनवर बंगळुरूची एक कंपनी खोळंबलेली, मोबाइलवर तिसराच कुणी. दोन मसुदे शेजारी ठेवले की बदललेला प्रत्येक शब्द लाल करून दाखवणारी सोय तिच्या कॉम्प्युटरवर आहे. चार मिनिटांचं काम. रोज वापरते ती. त्या दिवशी नाही वापरली.

पिना उपटायचा चिमटा माझ्या शेजारीच राहतो. आमचं कधी पटलं नाही. तिनं तो उचलला, आमच्या अडतीस पानांची पिन उपटली, गुरम्माचं पान सोडवलं, प्रिंटरमधून आलेल्या नव्या गठ्ठ्यामागं लावलं आणि माझ्या जबड्यात सरकवलं.

मला तेव्हाच कळलं, मित्रांनो! हे पान मी काल चावलंय, माझ्या दातांच्या खुणा याच्यावर आहेत. बाकीची सगळी पानं मात्र अनोळखी, कोरी करकरीत. अगं, थांब की! वाच की आधी! अप्पांची लेक ना तू? मी जीव खाऊन अडून बसलो. पिन जबड्यातच वाकडी केली, कागदात शिरूच दिली नाही. तिनं "च्च" केलं, ती वाकडी पिन काढून टाकली आणि दुसऱ्यांदा जोरात दाबलं. खट्. झालं. एकदा टोचलं की टोचलं. पाच मिनिटांत स्कॅन होऊन ते गेलं. संध्याकाळी भुवनेश्वरी खव्याच्या पोळ्या घेऊन आली आणि सगळ्यांनी कौतुक केलं एकमेकींचं.

मग आला मे महिना. सोलापूरचा मे म्हणजे काय सांगायचं, माझ्या पत्र्याला हात लावला तरी चटका. एका दुपारी दार धाडकन उघडलं. भुवनेश्वरी. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. मागं गुरम्मा. भुवनेश्वरीनं मोबाइल टेबलावर आपटला, माझ्या अगदी शेजारी, आणि एक रेकॉर्डिंग लावलं.

"तम्मा, रोज सुई टोचून घेतोस, अंगाची चाळण झाली की रे. आता हे चूर्ण घे. सुई बंद कर. मी सांगते न्हवं? साखर मुळातनं जातीया."

अरे देवा! तोच आवाज. तोच हेल. गुरम्मा समोर ओठ मिटून उभी आणि टेबलावर गुरम्माच बोलत होती! मी खूप पाहिलंय, खोटे दाखले पाहिलेत, भाऊ भावाला फसवताना पाहिलंय. पण माणूस गप्प आणि त्याचा आवाज बोलतोय, हे पाहून माझ्या जबड्यातल्या पिना गार पडल्या, त्या उन्हाळ्यात.

"कंपनीनं आत्याचा आवाज चूर्णाच्या जाहिरातीला लावलाय. पप्पांना फोन आला असा," भुवनेश्वरी म्हणाली. "पप्पांना वाटलं आत्याच बोलतीये. त्यांनी उत्तर दिलं तिला, 'व्हय अक्का' म्हणून! पंधरा दिवस इन्सुलिन बंद. आम्हाला सांगितलंच नाही. काल बेशुद्ध पडले, आयसीयूत आहेत. पायाची जखम चिघळलीय, बोटं काढावी लागतील म्हणतात."

म्हणजे भुवनेश्वरीचे वडील कल्लप्पा, गुरम्माचा सख्खा धाकटा भाऊ. आवाजानं तम्मा म्हटलं आणि खऱ्या तम्मानं ऐकलं.

"असं कसं? कंपनीला परवानगीच नाही," विजयमाला ताडकन उठली. "कलम चौदा आहे आपल्याकडे. आत्ता दाखवते."

तिनं फाइल काढली, चौदावं कलम उघडलं आणि वाचायला लागली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. रंग उतरला म्हणतात ना, तो उतरताना मी पाहिला. त्या कलमात शेवटी एक ओळ जास्त होती. औषधाची आठवण देणे, तसेच कंपनीला योग्य वाटेल अशा इतर कोणत्याही उपयोगासाठी, कायमस्वरूपी. ती ओळ तिनं तीनदा वाचली. मग फाइल मिटली.

"मी... जरा बघून सांगते," ती म्हणाली.

हे ऐकून मला दुसरा धक्का बसला, आणि तो जास्त लागला. मिटलीस? फाइल मिटलीस तू? तिला सगळं कळलं होतं. आणि बाकी कुणालाच कळलं नव्हतं. खाली सही गुरम्माची होती, खरीखुरी. विजयमालानं तोंड उघडलं नसतं तर म्हातारीनंच सही केली असं सगळ्या जगानं म्हटलं असतं, आणि तिची वकिली सुखानं चालू राहिली असती.

"माझी सही हाय का त्याच्यावर?" गुरम्मानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आहे."

"बघू."

विजयमालानं फाइल पुढं केली. गुरम्माला इंग्रजी येत नाही. तिनं अक्षरांकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटचं पान उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि कोपऱ्यावर अंगठा फिरवला, जसा जानेवारीत फिरवला होता तसाच. अंगठा थांबला.

"ह्ये उसवलंय," ती म्हणाली.

"काय?" भुवनेश्वरीला समजेना.

"टाका उसवला तर कापडाला भोकं ऱ्हात्यात. कितीबी दाबा, जात न्हाईत. हितं बघ, चार भोकं हायत. दोन आताच्या पिनंची, दोन आदीच्या. आणि बाकीच्या पानांला? मोज की. दोनच." तिनं विजयमालाकडे वळून बघितलं. आवाज चढवला नाही तिनं. "माझं पान तितनं काढून हितं कुणी शिवलं, बाई?"

मी मनात ओरडत होतो, बोल! अप्पांची शपथ आहे तुला, बोल!

विजयमाला खुर्चीत बसली. पुण्याचं, ऑफिसचं, सगळं बोलणं तिच्या तोंडून गळून पडलं आणि एकदम अप्पांची भाषा आली. "मी काढलं. मीच लावलं. वाचलं न्हाय मी. त्यांनी शुद्धलेखन म्हटलं, मी इस्वास ठेवला. गुरम्मा, मी वाचलं न्हाय वो." आणि ती रडायला लागली, तोंडावर हात घेऊन, लहान पोरीसारखी.

भुवनेश्वरी किंचाळली, "पप्पा मरतील ना गं! तुझ्या एका पिनेनं!" ते तिला म्हणाली की मला, मला माहीत नाही. मी दोघांसाठी घेतलं.

गुरम्मानं तिला गप्प केलं. विजयमालाला म्हणाली, "रडून भोकं बुजत न्हाईत. पयलं त्ये तोंड बंद कर, माझं. रोज कुणाला तरी सांगत असंल त्ये."

आणि मित्रांनो, माझ्या बाईनं ते केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. फाइलीत जुनी सदतीस पानं क्लिप लावून ठेवलेली होती. ती, चार भोकांचं पान आणि ती शुद्धलेखनाची मेल समोर ठेवून तिनं कंपनीला पत्र लिहिलं. त्यात पहिलंच वाक्य होतं, ही सही या मजकुरावर केलेली नाही, आणि ती याला जोडण्याची चूक माझी आहे. हे कशाला लिहितेस, नाव जाईल तुझं, असं पुण्याच्या मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. तिनं ऐकलं नाही. कंपनी चार दिवस अडून बसली, त्यांचा वकील म्हणे आम्ही मेल पाठवली होती, वाचायची जबाबदारी तुमची. विजयमाला म्हणाली, "बरोबर आहे. तेच मी कोर्टात शपथेवर सांगणार आहे, आणि तुम्ही शुद्धलेखन कशाला म्हटलं होतं ते तुम्ही सांगा." पाचव्या दिवशी ते फोन बंद झाले. आवाज गुरम्माकडे परत आला. बंगळुरूची कंपनी मात्र दुसऱ्या वकिलाकडे गेली, आणखी दोघे गेले. चूक कबूल करणारा वकील लोकांना चालत नाही म्हणे. चूक लपवणारा चालतो! काय बोलायचं यांच्यापुढं?

कल्लप्पा वाचले. डाव्या पायाची दोन बोटं गेली.

गेल्या आठवड्यात गुरम्माच्या आवाजाचा नवा करार झाला, भुवनेश्वरीनं नव्यानं काढलेल्या छोट्या कंपनीबरोबर. पानं फक्त तीन, आणि मराठीत. विजयमालानं बोट फिरवत मोठ्यानं वाचलं, अगदी अप्पांसारखं. सही झाली. मी जबडा उघडून तयार होतो. मनात म्हटलं, आता माझी पाळी. पण गुरम्मानं कमरेच्या पिशवीतून सुई आणि लाल दोरा काढला. तीनही पानं तिनं कडेनं शिवून काढली, बारीक, एकसारखे टाके घालून, आणि शेवटी गाठ मारली. "आता कुणी उसवलं तर आंधळ्यालाबी कळंल," ती म्हणाली.

मला वाईट वाटलं का? वाटलं. इतक्या वर्षांची नोकरी अशी एका दोऱ्यानं गेली. पण खोटं कशाला बोलू, त्या गाठीकडे बघून बरंही वाटलं. आता मी नुसता कागद उडू नयेत म्हणून टेबलावर असतो. पिना संपल्या आहेत, कुणी भरलेल्या नाहीत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातात माझ्यासारखं काहीतरी येईल. पिन असेल, शिक्का असेल, नाहीतर मोबाइलवरचं 'मान्य आहे' असं बटण असेल. दाबायच्या आधी वाचा. घाई आहे असं कुणी म्हटलं, तर दोनदा वाचा. आम्ही निर्जीव आहोत, आम्ही वाकडी पिन घालतो, त्यापलीकडे आमच्या हातात काही नाही.

त्या दिवशी टाके घालून झाल्यावर गुरम्मानं तिथूनच भावाला फोन लावला. स्पीकर चालू होता. "तम्मा, इन्सुलिन घेतलास का?" पलीकडून कल्लप्पा दबकत म्हणाले, "आदी सांग, आई मला काय म्हणून हाक मारायची?"

गुरम्माची सुई हातातच राहिली. जन्मभर ज्यानं तिच्या नुसत्या हाकेवर ओ दिली, तो भाऊ तिची परीक्षा घेत होता. विजयमालानं मान खाली घातली.

"गुंड्या," गुरम्मा म्हणाली. "गुंड्या म्हणायची रे."

"मग घेतलंय, अक्का," पलीकडून आवाज आला. "घेतलंय."